अंड्याला करंट देणाऱ्या मॅडम

राजुऱ्यात मला नावानं ओळखणारी माणसं कमी. भाजीबाजारात कुणी माझ्याकडं बोट दाखवून "त्या कोण जी?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं, "त्या नाई का, अंड्याले करंट देतेत, त्या मॅडम." रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी ही पदवी काही निवृत्त व्हायला तयार नाही. पीएच.डी. मिळवायला मला सहा वर्षं लागली होती. ही मात्र गावानं फुकट दिली आणि जास्त टिकली.

आता खरं सांगते. अंड्याला मी करंट कधीच दिला नाही. अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाच्या चेतापेशींना दिला, आणि तोही एखाद्या टॉर्चच्या सेलवर भागेल इतका.

चेतापेशीला एक लांब धागा फुटतो. बोलताना आपण ज्याला नस म्हणतो ती अशा हजारो धाग्यांची जुडी. वाढत्या धाग्याच्या टोकाला एक इवलासा पंजा असतो आणि तो चाचपडत पुढं सरकतो. पाठीच्या कण्यातून निघालेला धागा पायाच्या अंगठ्यापर्यंत न चुकता जातो तो कुणाच्या सांगण्यावरून? काही रसायनं वाट दाखवतात, हे ठाऊक आहे. पण शरीरात अगदी बारीक वीजसुद्धा असते. कातडी कापली तर जखमेच्या कडेला ती मोजता येते. ही वीज धाग्याला कळते का, हा माझा प्रश्न होता. जगात इतरांनीही तो विचारला आहे. बेडकाच्या पेशी ऋण टोकाकडं चटकन वळतात, कोंबडीच्या पेशी मात्र हट्टी. मी कोंबडी घेतली. हट्टी प्राण्यांशी माझं जमतं, आणि बेडूक धरायला वनखात्याच्या परवानग्या लागतात.

अडचण अशी की पोल्ट्रीचं अंडं चालत नाही. त्यात पिल्लूच नसतं. कोंबडा नांदत असलेल्या घरचं अंडं लागतं. आमच्या लॅबचे अटेंडंट वामनभाऊ त्यासाठी जिवतीच्या आठवडी बाजारात गेले. वामनभाऊ धीवर समाजाचे, तळ्याकाठच्या गावचे. मासळीचा बाजार त्यांना पाठ, अंड्यांचा नवा. टोपली घेऊन बसलेल्या एका बाईंना त्यांनी विचारलं, "बाई, घरी कोंबडा हाये का?"

"काऊन? अंडे पायजे का कोंबडा पायजे?"

"अंडेच पायजे. पण कोंबड्यावाल्या घरचे."

"खायाचे हाये का उबवाचे?"

"दोनी नाई जी," वामनभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले.

बाईंनी टोपलीवर पदर टाकला. "मंग नाई देत. खायाचंबी नाई, उबवाचंबी नाई, अशा मानसाले अंडं कायले पायजे?"

शेवटी मी स्वतः गेले आणि त्या बाईंना एस.टी.नं लॅबमध्ये आणलं. कसंबसं मिळवून तीन दिवस उबवलेल्या एका अंड्यातलं टिचभरसुद्धा नसलेलं पिल्लू त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. त्याचं लाल ठिपक्याएवढं हृदय टकटक उडत होतं. बाई किती वेळ डोळा लावून होत्या. मग हळूच म्हणाल्या, "बापा, हे तं आतापासूनच घाई करून राह्यलं." पुढच्या आठवड्यापासून भाताच्या कोंड्यात रचलेली अंडी येऊ लागली. प्रत्येकावर कोळशानं खूण असायची, कुठली कोणत्या कोंबडीची ते सांगणारी.

कामाची पद्धत अशी. सात-आठ दिवसांच्या पिल्लाच्या कण्याजवळचे पेशींचे पुंजके सुईच्या टोकानं काढायचे आणि काचेच्या चपट्या बशीतल्या अरुंद नालीत चिकटवायचे. नालीच्या दोन्ही टोकांना वाकड्या नळ्या, आणि त्यात खारट जेली. तार सरळ पाण्यात बुडवली तर धातूचं विष उतरून पेशी मरतात. वीज जेलीतून आली म्हणजे सोवळ्यात येते. एकदा जेलीची पावडर संपली तेव्हा किराणा दुकानातल्या चायना ग्रासवर आठवडा काढला. उरलेलं खपवायला वामनभाऊंनी त्याची खीर केली, फक्त साखर घालायचं ते विसरले. मग काही तास करंट द्यायचा, फोटो काढायचे आणि ऋण टोकाकडचे धागे धन टोकाकडच्यांपेक्षा लांब वाढले का, हे मोजायचं.

सगळ्यात त्रास कोळशाच्या ट्रकांचा. कॉलेजसमोरून ट्रक गेला की सूक्ष्मदर्शकाखालची पेशी नाचायला लागे. परदेशात यासाठी हवेवर तरंगणारं महागडं टेबल असतं. वामनभाऊंनी कडाप्प्याच्या फरशीखाली स्कूटरच्या दोन ट्यूबा हवा भरून ठेवल्या. माझे सगळे फोटो त्या ट्यूबांवर निघालेले आहेत.

निकाल येऊ लागले तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. ऋण टोकाकडचे धागे लांब भरत होते. चांगले लांब! मी लेख लिहून एका नियतकालिकाला पाठवून दिला. त्याच हिवाळ्यात कॉलेजच्या विज्ञान मेळाव्यात गावकऱ्यांसमोर भाषण केलं आणि टाळ्यांच्या नादात बोलून गेले, "उद्या कापलेली नससुद्धा आपण करंट देऊन जोडू शकू."

'उद्या' हा शब्द छापताना गळतो, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात माझ्या फोटोसह मथळा आला: राजुऱ्याच्या मॅडम करंटने नस जोडणार.

चार दिवसांनी वामनभाऊ आपल्या बहिणीला घेऊन आले. कौतुकाबाई तिचं नाव. चाळिशीची, काटक, तोंडानं फटकळ. जाळं विणण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. महिनाभरापूर्वी पावशीवर, म्हणजे विळीवर, मोठा मासा कापताना तो निसटला आणि डावं मनगट करंगळीच्या बाजूनं खोल चिरलं. कुणीतरी वरून टाके घातले, जखम भरली. पण करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट बधिर झालं होतं आणि दोन्ही बोटं आकड्यासारखी वाकून राहिली होती. जाळ्याची गाठ ताणून धरायला तीच बोटं लागतात.

"माह्या हाताले लावा ना करंट," ती म्हणाली. "कोंबडीच्या पिल्लाले लावता, मले लावाले काय झालं?"

मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "कौतुकाबाई, माझं काम बशीत चालतं. माणसाच्या हातापर्यंत यायला अजून खूप वेळ आहे."

"किती वेळ?"

"काही वर्षं."

"तवरी जाळं कोन विनन?"

 याला माझ्याकडं एक उत्तर होतं. आतली नस कापलेली दिसते, उशीर न करता नागपूरला सर्जनला दाखवा, एवढं एक वाक्य. ते मी बोलले नाही. मी डॉक्टर नाही, अशी स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी बशीत पेशी ठेवलेल्या होत्या आणि माझं अर्धं लक्ष घड्याळाकडं होतं, हे जास्त खरं.

पुढं तीन-चार आठवडे गेले. एके सकाळी वामनभाऊ कामावर आले. अंड्यांची टोपली खाली ठेवून म्हणाले, "कौतुकाचा हात जळला, मॅडम."

बाजारात एक माणूस पेटी घेऊन बसायचा. बॅटरी, दोन तारा, तारांना ओले पट्टे. नस जोडून देतो म्हणायचा. कौतुकाबाई तीन वेळा त्याच्याकडं गेली. तिसऱ्या वेळी त्यानं जोर वाढवला. बधिर कातडीला चटका कळतच नाही. पट्टा काढला तेव्हा तळहाताच्या कडेला मोठे फोड आले होते आणि तिला पत्ता नव्हता.

"पण ती गेली कशी त्याच्याकडं? एवढी हुशार बाई!"

वामनभाऊ जमिनीकडं बघत म्हणाले, "त्याच्याकडे तुमचा फोटो हाये, मॅडम."

मी त्याच आठवड्यात बाजार गाठला, वामनभाऊ मागोमाग. माणूस कडुनिंबाखाली बसला होता. पेटीवर पेपरातलं ते कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून उभं केलेलं. समोर सात-आठ माणसं रांगेत. मी रांगेच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"मॅडम, लाईननं या," तो म्हणाला.

"हा फोटो कुणाचा आहे?"

"मोठ्या सायंटिस्ट हायेत. त्यायनंच मले शिकवलं."

"मला नीट बघा आणि मग सांगा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा होता, कॉलेजनं जुनाच दिला होता, त्यामुळं त्याला जरा वेळ लागला. रांगेतली एक म्हातारी आधी ओळखून गेली. "हे तं त्याच होय! अंड्यावाल्या!"

मी वळून रांगेला सांगितलं. आवाज वर्गातला लागला. "मी तीच आहे. माझ्याकडं नस जोडायचा करंट नाही. ह्यांच्याकडं नाही, कुणाकडंच नाही. मी भाषणात जास्त बोलले, ती चूक माझी. ज्याचा हात-पाय बधिर असेल त्यानं मोठ्या दवाखान्यात दाखवा. अशी पेटी लावून घेऊ नका, भाजेल आणि कळणारही नाही."

माणूस पेटी आवरू लागला. त्याला राग आला नव्हता, उलट समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुमच्याच नावानं धंदा चालून राह्यला होता. तुमचंबी नाव होऊन राह्यलं होतं."

कात्रण मी मागून घेतलं. त्यानं तेही दिलं, फक्त प्लॅस्टिकचं पाकीट काढून ठेवून घेतलं.

तिथून थेट कौतुकाबाईचं घर. मला वाटलं होतं ती मला दारात उभं करणार नाही. तिनं पाट दिला, पाणी दिलं आणि मग म्हणाली, "आता बोला. हासू नका फक्त."

मी हसले नाही. झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली आणि तिला घेऊन नागपूरला गेले. भाजलेलं भरेपर्यंत सर्जननं थांबायला लावलं. मग हात उघडला तर नसेची दोन टोकं एकमेकांपासून दूर सरकलेली. त्यांनी तिच्या पोटरीतली एक बारीक नस काढून मधे पुलासारखी बसवली. पोटरीतली ती नस गेली तर पावलाच्या कडेला थोडं बधिर होतं, चालायला अडत नाही. हे मी तिला समजावलं, तर बेडवर पडल्या पडल्या तिचा प्रश्न आला, "पायाची नस हाताले लावली जी. आता हात चालाले लागला तं?"

सर्जन म्हणाले, धागे आता मनगटापासून नव्यानं वाढत जातील, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. करंगळीच्या टोकापर्यंत जायला कित्येक महिने. जातीलच असंही नाही. कौतुकाबाईनं करंगळी डोळ्यासमोर धरली, उजव्या हाताच्या बोटांनी अंतर मापलं आणि म्हणाली, "गोगलगायपेक्षा हळू."

तेवढे महिने तिला जाळं विणता येणार नव्हतं. घरी बसून ती वामनभाऊंचं डोकं खायची, म्हणून ते तिला लॅबमध्ये घेऊन येऊ लागले. ती खुर्चीत बसून डॉक्टरांनी सांगितलेले बोटांचे व्यायाम करायची आणि माझ्या संगणकावरचे फोटो बघायची. एक दिवस म्हणाली, "हे धागे तुमी मोजता? गुंता झाला तं कोनता कोनाचा, कसं समजते?"

"अवघड जातं. तुम्हाला कळतो का?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि एका गुंत्यातला एक धागा सुरुवातीपासून टोकापर्यंत सोडवून दाखवला. मग दुसरा. मग तिसरा. आयुष्य जाळ्याच्या गुंत्यात गेलेली नजर ती. माझ्या एम.एस्सी.च्या मुलांना जे दोन सत्रांत जमलं नव्हतं ते तिनं चहा निवायच्या आत केलं. मी तिला प्रोजेक्टमधून रीतसर मोजणीच्या कामावर घेतलं.

धन टोक कुठलं, ऋण कुठलं, हे तिला माहीत नव्हतं. मला सांगायचं सुचलंच नाही. ती फक्त डावीकडचे आणि उजवीकडचे धागे मोजून वहीत लिहायची. आठ दिवसांनी मी तिची वही माझ्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहिली. जे फोटो मी मोजले होते त्यात ऋण बाजू, म्हणजे डावीकडची, माझ्या वहीत भरघोस लांब होती. तिच्या वहीत अगदी थोडी.

"कौतुकाबाई, इथं बघा. डावीकडचे नीट मोजले नाहीत तुम्ही."

"मोजले जी."

"हा धागा किती लांब आहे, बघा ना!"

"तो तिकडचा नाईच. तो उजवीकडून येऊन वळला हाये." तिनं बोटानं माग काढला. "तुमी त्याले डावीकडे काऊन टाकलं?"

कारण मला तो डावीकडं हवा होता. जिथं जिथं गुंता होता, तिथं तिथं मी नकळत माझ्या लाडक्या बाजूला माप झुकवत आले होते. खोटं कुठंच लिहिलं नव्हतं, आणि तरी सगळं चुकलं होतं. मोजणाऱ्याला कुठली बाजू कोणती हे कळू देऊ नये, हा धडा मी पोरांना पहिल्या वर्षी शिकवते. इथं मात्र गेली दोन वर्षं तारा जोडणारीही मी आणि मोजणारीही मीच.

दोन दिवस मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बसले. वामनभाऊंनी न विचारता चहा आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी मी संपादकांना पत्र लिहून लेख परत मागवला. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, निवृत्ती जवळ आली, कशाला? कुणाला कळणार होतं?" मी म्हटलं, "कौतुकाबाईला कळलं आहे." त्यांना कौतुकाबाई कोण हे ठाऊक नव्हतं.

मग सगळे फोटो पुन्हा. वामनभाऊ नावं झाकून आकडे चिकटवायचे, काही फोटो मुद्दाम उलटे करायचे, आणि कौतुकाबाई मोजायची. उत्तर फोडायच्या दिवशी आम्ही तिघं संगणकासमोर बसलो. ऋण टोकाकडचे धागे लांब होते. थोडेच लांब, पण बशीमागून बशी, तिन्ही हंगामांत. मोठा शोध आटून छोटा झाला होता, पण जेवढा उरला होता तेवढा पक्का होता.

"म्हंजे तुमचं खोटं नाई निघालं ना?" कौतुकाबाईनं विचारलं.

"नाही. बारीक निघालं."

"बारीक चालते. बारीक मासाबी मासाच असते."

नवा लेख दीड वर्षानं छापून आला. पहिला पाठवला होता त्याहून साध्या नियतकालिकात. दरम्यान प्रोजेक्टची मुदत संपली ती वाढवून मिळाली नाही. पेशींसाठीचं उबवणीचं कपाट आता दुसऱ्या विभागात आहे, आणि त्यात काय ठेवतात ते मी विचारत नाही. थोडं दुखतं. लेखाच्या आभारात कौतुकाबाईचं नाव आहे. तो अंक तिनं घरी भिंतीवर लावायला मागितला, पण तो इंग्रजीत आहे म्हटल्यावर म्हणाली, "राहू द्या मंग. भिंतीले वाचता यायले पायजे."

तिच्या हाताचं मात्र काही सांगता येत नव्हतं. फोटोंची मोजणी चालू होती त्याच काळात ऑपरेशनला सहा महिने झाले, आठ झाले. मनगटावर टिचकी मारली की झिणझिण्या आधी तळहातात जायच्या, मग करंगळीच्या मुळाशी. दर महिन्याला मी पेनानं तिथं ठिपका काढायचे. ठिपके हळूहळू पुढं जात होते, पण करंगळीच्या टोकाला सुई टोचली तरी तिचा चेहरा हलत नव्हता. "नाई," ती म्हणायची, "अजून घरी कोनी नाई." तिच्यासमोर मी काळजी दाखवत नसे. सर्जननं 'जातीलच असं नाही' म्हटलेलं माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका सकाळी, मी विद्यार्थ्यांचे पेपर तपासत बसले होते आणि वामनभाऊंचा फोन वाजला. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, मग फोन माझ्या हातात दिला. पलीकडं कौतुकाबाई ओरडत होती. मागं बायकांचा गलका आणि पाण्याचा आवाज.

"मॅडम! बांधावर खेकडे धरून राह्यलो होतो. एकानं करंगळी धरली!"

"कुठल्या हाताची?"

"डाव्या जी, डाव्या! अन् मॅडम, दुखलं! लय दुखलं! म्या बोंबलली! सोडतबी नव्हता तो!"

मी काय बोलले मला आठवत नाही. वामनभाऊ डोळे पुसत असताना मी पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत होते आणि तेही माझ्याकडं बघत नव्हते. फोनवर ती अजून सांगतच होती, रक्त किती आलं, खेकडा केवढा होता, बाया कशा हसल्या.

"मग खेकड्याचं काय केलं?" मी शेवटी विचारलं.

"सोडला त्याले पान्यात," कौतुकाबाई म्हणाली. "बाकीच्यायचा रस्सा करून राह्यलो. तुमी अन् दादा जेवाले या."